शिंदीच्या झाडावर टांगलेलं सुगड

मी सुगड बोलतोय. पण थांबा, आधी मला तुमच्याकडे नीट पाहू द्या. ऐकणाऱ्याचं तोंड पाहिल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही. माझा स्वभावच संशयी आहे. मातीचा गुण म्हणावा, तर त्याच आव्यात भाजलेली माझी भावंडं अगदी भोळीभाबडी निघाली. माझ्यात हा गुण आला कौशल्याबाईकडून, आणि तोही मी तिच्या घरात पाऊल टाकण्याआधीच.

माझा जन्म अमडापूरच्या एका कुंभाराच्या अंगणात, ऐन थंडीत, संक्रांतीच्या तोंडावर झाला. सुगडं म्हणजे तशी लहानखुरी जात. चार हरभरे, दोन बोरं, उसाचं एक कांडं मावलं की झालं. पण माझ्या वेळी कुंभाराचं लक्ष कुठे होतं कोण जाणे, मी चांगला थोराड झालो. चाकावरून उतरवताना त्याने कपाळाला आठी घातली. मग म्हणाला, "जाऊ दे, जाईन खपून." जन्मल्याबरोबर कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. तेव्हापासून मला वाटत आलंय, की माझ्यात काहीतरी आहे आणि ते कुणी मला सांगत नाही.

बाजारात मला कौशल्याबाईने उचललं. बाकीच्या बाया सुगडं मोजून घेत होत्या. ही मात्र बसली. तिने मला बोटाच्या पेराने गोल फिरवत वाजवलं. उन्हात धरून एक डोळा मिटून आत पाहिलं. तोंडात नाक घालून वास घेतला. मग परत वाजवलं. तिच्या मागे तिचा नवरा उकंडराव उभा होता. डोळे तांबारलेले, पटका एका कानावर कललेला. तो हसून म्हणाला, "मडकं घेऊन राह्यली का सून पाहून राह्यली वं?"

"सुनेले तोंड असते, थे बोलते तरी," कौशल्याबाई मान वर न करता म्हणाली. "मडकं काई सांगत नाई. त्याले असंच पाहा लागते."

तिचं हे बोलणं मला फार पटलं. सांगत कुणीच नाही, पाहावंच लागतं, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

कौशल्याबाईचं गाव अमडापूरपासून फार लांब नाही. गावाच्या कडेने नाला वाहतो आणि नाल्याच्या दोन्ही काठांना तिच्या मालकीची शिंदीची झाडं उभी आहेत. खोडावर खवले, वर काटेरी झावळ्या. या झाडांची एक गंमत आहे. हिवाळ्यात त्यांचा शेंडा तासला आणि खाली मडकं बांधलं, तर रात्रभर थेंब थेंब रस गळतो. पहाटेचा रस साखरेसारखा गोड असतो. पण ऊन वर चढलं की त्याला फेस येतो, आणि दुपारपर्यंत तो चढणारी शिंदी होऊन बसतो. उकंडरावाला हा दुपारनंतरचा रस आवडायचा. आवडायचा म्हणजे, तो त्याच्यावरच जगायचा.

झाडं तासायचं काम पुंजाजी करायचा. कमरेला दोर, दोराला कोयता, अंगाने सडसडीत. तो शिंदी उतरवायचा, उकंडराव झाडाखाली बसून प्यायचा. त्या संक्रांतीला कौशल्याबाईने आम्हा सुगडांना हळदीकुंकवाची बोटं ओढली, वाण दिलं, घेतलं. त्याच वर्षी पोळ्याच्या आधी उकंडरावाचं पोट फुगलं आणि तो गेला. नवीन महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडाच काळ झाला होता. दारूबंदीचा कायदा आमच्या भागात नवाच होता आणि पोलीस खेड्याखेड्यांतून फिरत होते. पुंजाजी मडक्यांसकट सापडला आणि तुरुंगात गेला. गावातल्या बायांना वाटलं, बरं झालं. कौशल्याबाईला वाटलं, कमी झालं.

पुढच्या संक्रांतीला तिने सुगडं पुजली नाहीत. विधवा बाईने कुणाला वाण द्यायचं? माझी भावंडं कुणी कुठे, कुणी कुठे गेली. मी थोराड म्हणून राहिलो. तिने मला फडताळात ठेवलं आणि माझ्यात वर्षाची दळलेली हळद भरली. दीड वर्ष मी हळद सांभाळली. रोज तिचा हात आत यायचा, चिमूट घ्यायचा. जाताना एक बोट माझ्या काठावर पुसायचा. मी मातीचा, मी सगळं पीत होतो. वाईट नव्हते ते दिवस. फक्त घर फार गप्प होतं, आणि गप्प घराचा मला भरवसा वाटत नाही.

मग तिचा मुलगा हिंमतराव वर्ध्याकडून नीरेचं काम शिकून आला. सोबत सरकारी परवानाही आणला. शिंदी नाही करायची, म्हणाला, गोड रस उतरवायचा, आटवून त्याची काकवी करायची, गूळ करायचा. झाडं आपलीच आहेत, उभी राहून काय उपयोग? बोलता बोलता त्याने हळूच सांगितलं, की झाडं तासायला पुंजाजी येईल. तो सुटून आला होता आणि दुसऱ्या कुणाला हे काम येत नव्हतं.

कौशल्याबाई चुलीपुढून उठली. वाटलं, आता भांडं फेकणार. ती फक्त एवढंच म्हणाली, "येऊ दे. म्या डोये उघडे ठेवीन."

अंगणात सामानाचा दरबार भरला तो मी फडताळातून पाहिला. असा दरबार मी जन्मात पाहिला नव्हता. तिघं बसली होती आणि तिघांचाही एकमेकांच्या भांड्यांवर विश्वास नव्हता.

हिंमतरावाने ॲल्युमिनियमचे चकचकीत डबे पुढे मांडले. "फुटत नाई, हलके हायेत, धुवाले सोपे."

कौशल्याबाईने एक डबा वाजवला. त्याचा आवाज ऐकून तिने तोंड वाकडं केलं. "रस आंबू नाई म्हनून याच्यात चुना लावशीन त थो चुना यालेच खाईन. पाय, येका ठिकानी आत्ताच काया पडला. अन् उन्हानं तापनार हा. रस नासला की मंग कोनाचं नाव घेशीन?"

"माह्यं," पुंजाजी खाली पाहत म्हणाला. तो अंगणाच्या टोकाला उकिडवा बसला होता. "मडकंच बरं राह्यते बाई. थंड राह्यते. मान बारीक पाह्यजे, पाखरू आत तोंड घालत नाई."

"तुह्यी जुनी मडकी नाई चालनार," ती झटकन म्हणाली. "त्याच्यात शिंदी मुरेल हाये."

"थे त म्या सुटून आल्याबरोबर फोडले."

"कोनी पाह्यलं?"

पुंजाजीने आपल्या घराकडे बोट दाखवलं. कौशल्याबाईने हिंमतरावाला तेवढ्यासाठी त्याच्या घरी पाठवलं. तो खापऱ्या पाहून आला, चार खापऱ्या हातातही घेऊन आला. तिने त्याही हुंगल्या. मग अमडापूरहून नवी मडकी आणायची ठरली, तीही तिनेच एकेक वाजवून घेतली. डबे माळ्यावर गेले. हिंमतराव हिरमुसला, पण आईपुढे त्याचं चालत नसे.

गाळण्यावरून पुन्हा तेच. हिंमतरावाची तारेची जाळी मुंगीचा पाय अडवायची, चुन्याचा गाळ मात्र खुशाल जाऊ द्यायची. फलालीन होतं, त्याचे तंतू रसात येत होते. पुंजाजीने आपलं धुतलेलं धोतर पुढे केलं, तेव्हा तिने हात आखडून घेतला. आत गेली. पेटीतून एक जुनं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं धोतर काढून आणलं. उकंडरावाचं होतं. दाताने कड तोडून तिने ते मधोमध टरकवलं. त्याची चौपदरी घडी घातली आणि म्हणाली, "याच्यातून गाया." पुंजाजीने ते धोतर ओळखलं. मी त्याचा चेहरा पाहिला. मला वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय. आता वाटतं, त्याला फक्त रडू येत होतं. पण संशयी डोळ्याला या दोन गोष्टी सारख्याच दिसतात.

कपडा सोड्याच्या पाण्यात उकळून वाळवायचा, हे हिंमतरावाचं म्हणणं मात्र सगळ्यांनी मानलं. आणि एक नियम कौशल्याबाईने घातला. रस गोड राहायला मडक्यांना आतून चुना लावतात. चुना नसला तर रस रातोरात आंबतो. म्हणून चुना लावायचा तो दुपारी, तिच्या अंगणात, तिच्या डोळ्यांपुढे. सुकल्यावर ती प्रत्येक मडक्यात बोट घालायची. बोट पांढरं निघालं तरच मडकं झाडाकडे जायचं. पुंजाजी कधी चिडला नाही. मला तेही खटकलं. एवढं टोचून घेणारा माणूस साधा नसतो, असं मी त्या वेळी धरून चाललो होतो.

काम मात्र सुरळीत लागलं. पहाटे कावडीतून मडकी यायची, रस धोतरातून गाळून कढईत पडायचा, चुलाण पेटायचं. मळी काढत काढत रस आटवला की मधासारखी काकवी व्हायची. गावातली माणसं बोट लावून चाटून जायची आणि बाहेर जाऊन म्हणायची, "गोड त हाये. पन पुंजाजीच्या हातचं हाये बापा, जपून." कौशल्याबाईने स्वतः ती कधी चाखली नाही. त्या झाडांचा एक थेंबही तिने जिभेला लावला नव्हता.

आणि मग ती संध्याकाळ आली.

झाडावर चढताना पुंजाजीच्या हातून एक मडकं खोडावर आपटलं आणि फुटलं. दिवस बुडत आलेला. तासलेलं झाड तसंच सोडलं तर रस वाया जाणार. तो पळत अंगणात आला. "बाई, येक मडकं द्या. नसन त थो डबा देल्ला तरी चालते."

डबा हा शब्द ऐकला आणि कौशल्याबाईचा ताठा जागा झाला. हिंमतराव तिथेच उभा होता. आज डबा गेला तर उद्या सगळीकडे डबेच जातील, हे तिने ओळखलं. "डबा नाई जानार," म्हणत ती आत आली आणि तिची नजर माझ्यावर पडली. हळद तिने एका ताटात उपडी केली. दोन ओंजळी पाणी घालून मला घाईघाईने विसळलं आणि पुंजाजीच्या हातात दिलं. चुना लावायला अंगणात थांबायला वेळ नव्हता. पुंजाजीने झाडाखालीच, अंधारत चाललेलं असताना, माझ्या पोटात चुन्याचा बोळा फिरवला. मी लाल मातीचा, वर तोंड बारीक. आत काय होतंय हे त्याला दिसणं शक्य नव्हतं. त्याने माझ्या गळ्याला दोर बांधला आणि मला वर नेलं.

मी पहिल्यांदाच झाडावर गेलो होतो. बांबूच्या नळीतून थेंब पडत राहिले आणि मी राखण करत राहिलो. कोण येतंय, कोण काय टाकतंय, सगळीकडे माझं लक्ष होतं. कुणी आलं नाही. पाखरू नाही, माणूस नाही. पहाटे पुंजाजीने मला उतरवलं आणि कावडीत ठेवलं.

अंगणात एकेक मडकं रितं होत होतं. धोतरातून पांढुरका रस खाली जात होता. शेवटी माझी पाळी आली. पुंजाजीने मला कलतं केलं आणि उकंडरावाच्या त्या पांढऱ्या धोतरावर लाल भडक धार पडली.

शेजारची रुक्मिणीबाई विस्तव न्यायला आलेली होती. तिच्या हातातली खापरी गळून पडली. "रगत! अवं माय, रगत आलं झाडाले!"

बघता बघता अंगण भरलं. कुणी म्हणालं करणी. कुणी म्हणालं, त्याच झाडाखाली उकंडराव बसायचा, त्याचाच जीव अडकलाय. जे शहाणे होते ते म्हणाले, करणी-बिरणी काही नाही, नशा चढावी म्हणून पुंजाजीने रसात कसलीतरी मुळी टाकली. जुनं गिऱ्हाईक पुन्हा जमवतोय. प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट पुंजाजीपाशीच होत होता. मलाही तेच वाटलं, हे सांगायला हवं. रात्रभर झाडावर मी होतो. कुणी आलं नाही हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी मनात म्हटलं, यानेच केलं असणार. संशयाला डोळ्यांनी पाहिलेलंही पुरत नाही.

हिंमतराव पांढराफटक पडला होता. परवाना त्याच्या नावावर होता. "पुंजाजी, काय टाकलं याच्यात?"

"काई नाई टाकलं."

"मंग लाल कसं झालं?"

"मले नाई माईत. म्या चुना लावला फक्त."

"कोनी पाह्यलं लावतानी?"

पुंजाजी कौशल्याबाईकडे वळला. एवढ्या एकाच मडक्याचा चुना तिने पाहिला नव्हता.

कौशल्याबाई पुढे आली. तिने मला उचललं. वाजवलं, उन्हाकडे धरलं आणि माझ्या तोंडात नाक घातलं. तिचा श्वास माझ्या पोटात आला आणि मध्येच थांबला. मी तिला ओळखतो. दीड वर्ष रोज तिचा हात माझ्यात येत होता. चुन्याच्या आणि रसाच्या वासाखाली तिला तिच्या घरची हळद लागली होती. आणि हळदीत चुना मिसळला की काय होतं, हे ओवाळायचं लाल पाणी जन्मभर कालवत आलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तिला कळलं. त्या क्षणी संबंध अंगणात फक्त तिला कळलं.

मी वाट पाहत राहिलो, की आता बोलेल.

तिने मला खाली ठेवलं. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भिंतीला टेकून बसली. काही बोलली नाही.

हिंमतरावाने ठरवलं, की त्याच सकाळच्या एस.टी.ने तालुक्याला जायचं, पुंजाजीला आणि मला ठाण्यात हजर करायचं. आपणहून गेलो तर परवाना वाचेल, कुणी आधी जाऊन सांगितलं तर आपणही अडकू. पुंजाजीची बायको जनकाबाई धावत आली होती. ती कौशल्याबाईच्या पायांपुढे बसली. "बाई, आता गेला त थो वापस नाई येनार. मांगल्या खेपेलेच खोकत आला होता. तुम्ही येक शब्द टाका, हिंमतराव ऐकते तुमचं."

कौशल्याबाई जमिनीकडे पाहत राहिली. मला तेव्हा तिची भीती वाटली. खरंच वाटली. जिच्याकडून मी संशय घ्यायला शिकलो, ती खरं काय ते ठाऊक असूनही गप्प बसू शकते, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

पुंजाजीने कमरेचा दोर सोडला, त्याची नीट गुंडाळी केली आणि जनकाबाईच्या हातात दिली. "मी म्हनलं त कोन ऐकन?" एवढंच तो म्हणाला. मग त्यानेच मला उचललं, कारण दुसरं कुणी मला हात लावायला तयार नव्हतं. पोटात उरलेला लाल रस हिंदकळत मी त्याच्या छातीशी धरलेला फाट्याकडे निघालो. त्याचं काळीज माझ्या भिंतीवर आपटत होतं. एवढ्या जवळून माणूस ऐकला की त्याच्यावर संशय घेणं जड जातं. मी तिथे पहिल्यांदा त्याच्या बाजूने झालो, पण मडक्याच्या साक्षीला कोण विचारतो?

फाट्यावर अर्धं गाव जमलं होतं. लांब वळणावर एस.टी.ची धूळ दिसायला लागली.

तेवढ्यात कौशल्याबाई आली. नवरा गेल्यापासून ती कधी फाट्यापर्यंत आली नव्हती. डोक्यावरचा पदर खांद्यावर पडलेला, पाय अनवाणी. लोकांनी वाट दिली. ती पुंजाजीच्या समोर उभी राहिली आणि तिने डाव्या हाताची मूठ उघडली. मुठीत हळद होती. उजव्या हाताच्या बोटावर तंबाखूच्या डबीतला चुना होता. सगळ्यांदेखत तिने तो चुना हळदीत चोळला. तळवा लाल झाला.

बायांचा घोळका पुढे सरकला. मग रुक्मिणीबाई हळूच म्हणाली, "अगं बाई... हळद व्हय."

"मडकं हळदीचं होतं," कौशल्याबाई म्हणाली. "मीच देल्लं. डबा जाऊ नाई द्याचा म्हनून घाईनं देल्लं. यानं काई नाई टाकलं."

हिंमतरावाचा जीव भांड्यात पडला. तो हसलासुद्धा. "माय, आता आठोलं का तुले? पयलेच आठोतं त येवढं कायले झालं असतं?"

किती सोपं होतं! मुलाने आपल्या हाताने दार उघडून दिलं होतं. 'हो, आत्ता आठवलं,' एवढं म्हणून ती घरी जाऊ शकत होती. गावाने मान डोलावली असती आणि एस.टी. निघून गेली असती.

"नाई," ती म्हणाली. "सकायीच कयलं होतं. वास घेतला तवाच."

जनकाबाईने डोळे पुसायचं थांबवलं. "मंग गप काऊन राह्यल्या बाई?"

एस.टी. येऊन उभी राहिली. कंडक्टरने दारातून हाक दिली, कोण येतंय? कुणी हललं नाही.

"माह्यावाला वापस येत नाई ना, म्हनून," कौशल्याबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "म्हनलं, तुह्याबी जाऊ दे."

जनकाबाईने दोराची गुंडाळी छातीशी धरली. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली आणि गाडी गेली. पुंजाजीने मला खाली ठेवलं आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

मला वाटलं, हा आता त्या अंगणात पाऊल टाकणार नाही. पण पोट पाळायचं होतं आणि झाडं दुसऱ्या कुणाला तासता येत नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे तो कावड घेऊन आला. मात्र त्या दिवसापासून त्याने एक नवीन रीत पाडली. मडकी खाली उतरवली, की आपला पितळी पेला पुढे काढायचा, एकेका मडक्यातून थोडा थोडा रस घ्यायचा आणि कौशल्याबाईसमोर उभा राहून आधी स्वतः प्यायचा. मग रस गाळायला द्यायचा. तिने सांगितलं नव्हतं, हिंमतरावाने सांगितलं नव्हतं. तो पेला तोंडाला लावायचा आणि ती मान फिरवायची. हे रोज चाललं होतं. भांडणापेक्षा वाईट होतं ते.

मी तिथेच होतो. मला पुन्हा रसासाठी कुणी वापरलं नाही, हळदीसाठीही नाही. हिंमतरावाने मला अंगणातल्या चुलाणाजवळ ठेवलं, चुन्याची निवळी ठेवायला. आजही मी तिथेच आहे. काठाचा एक टवका गेलाय, पोटावर पांढरे-लाल डाग आहेत. कुणी पाहुणा आला, की हे डाग कसले म्हणून विचारतो. घरातलं कुणी सांगत नाही. म्हणून मीच तुम्हाला सांगायला बसलो.

आणि सांगता सांगता एक मागणं मागतो. संशय घ्यायचा तर खुशाल घ्या. मी स्वतः कुणाला सोडलेलं नाही. पण खरं काय ते कळलं, की बोलायला उशीर करू नका. अंगणापासून फाट्यापर्यंत पुंजाजीचं काळीज मी माझ्या अंगावर मोजलंय. ती वाट चालायला त्याला कुणी लावली, हे त्याला कधी विसरता आलं नाही, आणि तिलाही.

त्या हिवाळ्याच्या शेवटी, झाडांना विसावा द्यायची वेळ आली तेव्हा, एका सकाळी पुंजाजी नेहमीप्रमाणे आला. मडकी उतरवली. पेल्यात रस घेतला. पेला ओठांपर्यंत नेला. कौशल्याबाई चुलाण पेटवत होती. ती उठली, राखेचे हात पदराला पुसले आणि त्याच्या समोर येऊन उभी राहिली. त्याच्या हातातून तिने पेला काढून घेतला. तो गोंधळला. "बाई, आजून म्या पिऊन पाह्यला नाई थो."

"मीबी नाई पाह्यला," ती म्हणाली.

तिने त्याचा वास घेतला नाही. उजेडाकडे धरून आत पाहिलं नाही. उभ्याने, एका दमात, तळापर्यंत प्यायली. मग रिकामा पेला त्याच्या हातात देऊन ती पुन्हा चुलाणापाशी जाऊन बसली. धूर तिच्या डोळ्यांत जात होता आणि ती तो जाऊ देत होती.